पाटचारीची बाजू की कडुनिंबाची? उपनगरातल्या एका रस्त्यावर पायी आणि सायकलची वाट आखताना

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका शहराच्या वाढीव हद्दीतला हा रस्ता. शहराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. रस्त्याचा स्वभाव मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण असे रस्ते जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, कुठेही सापडतील.

एका पिढीपूर्वी इथे कपाशी आणि ज्वारी होती. एकेक गट बिनशेती होत गेला, ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले. आधी घरं आली, मग खांब, मग नळ आणि सर्वांत शेवटी डांबर. रस्ता दक्षिणोत्तर जातो, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. दक्षिण टोकाला महामार्ग आहे, तर उत्तर टोकाला महाविद्यालय आणि एमआयडीसीकडे जाणारा फाटा. मधल्या पट्ट्यात दोन शाळा, एक बँक, दोन-तीन दवाखाने, संध्याकाळी गजबजणारे क्लासेस आणि एक मंगल कार्यालय.

पश्चिमेला ओळीने घरं आहेत. त्यांच्या कंपाउंडपासून साडेतीन मीटरवर कडुनिंबांची रांग आहे. डांबर अरुंद होतं तेव्हा त्याच्या कडेला कोणीतरी दूरदृष्टीने लावलेली झाडं आता चांगली डेरेदार झाली आहेत. पूर्वेला जवळपास निम्म्या लांबीत जुनी पाटचारी, म्हणजे शेतीला पाणी नेणारा कालव्याचा फाटा आहे. तिला पाणी क्वचितच येतं, पण जमीन अजून पाटबंधारे खात्याचीच. पाटचारीच्या भरावावर लोकांनी आपोआप पाडलेली पायवाट होती.

मागणी तीन ठिकाणांहून आली. ज्येष्ठ नागरिक संघाला सकाळी फिरायला जागा हवी होती. शाळांच्या पालकांना मुलं सुरक्षित घरी यायला हवी होती. आणि एका सायकल क्लबला ट्रॅक हवा होता. महापालिकेत तेव्हा प्रशासकांची राजवट होती, त्यामुळे ठरावाची वाट न पाहता ‘आराखडा करा’ असा शेरा लवकर मिळाला. तो घाईचाही होता, पण हाती आलेली संधी कोण सोडतो?

अडचण

विकास आराखड्यात रस्ता १८ मीटर रुंद आहे. कागदावर गणित झकास जुळतं. दोन मार्गिकांना ७ मीटर, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे सायकल ट्रॅक, १.८ मीटरचे पदपथ आणि झाडं-खांबांसाठी दीड-दीड मीटर. बेरीज १७.६. आराखडा करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने पहिला नकाशा असाच काढला आणि तो दिसायला सुंदर होता.

टेप घेऊन रस्त्यावर उतरल्यावर रुंदी कुठे १४ मीटर निघाली, तर कुठे त्याहूनही कमी. उरलेल्या जागेत काय नव्हतं? ओटे, पायऱ्या, चारचाकी चढवायचे रॅम्प, पत्र्याची शेड, तारेच्या जाळीत लावलेली तुळस आणि जास्वंद, डीपीचा (विजेच्या रोहित्राचा) चौथरा आणि उघडी गटार. गटारीवर जिथे ढापे टाकले होते तिथे ढाप्यांवर दुचाकी उभ्या. पायी चालणारा माणूस नेहमी डांबरावरच असायचा, कारण कडेला चालण्याजोगा सलग तुकडाच नव्हता.

दुसरी अडचण उन्हाची. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो हे सांगायला नको. इथला अक्षांश सुमारे २१ अंश, त्यामुळे मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतीची सावली मिळत नाही, सावली फक्त झाडाच्या पसाऱ्याची. मेमध्ये शाळा बंद असतात हे खरं. पण मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळच्या होतात आणि मुलं घरी निघतात ती ऊन चढल्यावर. उन्हापासून वाचवायला केलेला बदल मुलांना नेमका उन्हात रस्त्यावर आणून सोडतो.

आणि तिसरी अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर ब्लॉक एका पावसात लाटांसारखे होतात. शहरात अशी उदाहरणं होती, त्यामुळे ‘पुन्हा ते ब्लॉक नकोच’ म्हणणारेही बरेच होते.

सायकल नेमकी कोण चालवतं?

पहिली बैठक संध्याकाळी मंगल कार्यालयात झाली. गर्दी चांगली होती. सायकलच्या बाजूने बोलणारे जवळपास सगळे क्लबचे होते: गिअरच्या सायकली, हेल्मेट, रविवारी सकाळी लांबची फेरी. त्यांना अडथळा नसलेला सरळ ट्रॅक हवा होता आणि त्यासाठी पाटचारीचा भराव आदर्श होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण या रस्त्यावरची रोजची सायकल वेगळीच आहे. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, किटल्या लावलेला दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन. आणि जवळच्या खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुली, ज्यांच्यातल्या काहींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या. यांतलं कोणी संध्याकाळच्या बैठकीला येणं शक्यच नव्हतं. कोणी कामावर, कोणी क्लासला, कोणी गावी परतलेलं.

आराखड्याचा पहिला निर्णायक क्षण मला इथे दिसतो. अभियंत्याने दुसरी बैठक बोलावलीच नाही. तो आणि त्याचे दोन सहकारी सलग काही दिवस सकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहिले, आणि शाळा सुटताना फाटकाजवळ. प्रश्न दोनच विचारले: कुठून कुठे जाता, आणि कुठे भीती वाटते?

उत्तरांनी नकाशा हलला. कामगारांना वेगळा ट्रॅक नकोच होता. डांबर सपाट आहे, सरळ आहे, वेळ वाचतो, फक्त मागून येणाऱ्या गाड्या हळू यायला हव्यात, एवढंच त्यांचं मागणं. मुलींना भीती वाटत होती ती महामार्गाच्या चौकाची आणि बँकेसमोर आडव्या लावलेल्या गाड्यांची. तिथे त्यांना रस्त्याच्या मध्यापर्यंत जावं लागायचं. पाटचारीच्या वाटेचं नाव एकीनेही घेतलं नाही. तिकडे घरं नाहीत, संध्याकाळी अंधार असतो, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही.

पर्याय

विचारात चार पर्याय होते, पण चारही सारख्या वजनाचे नव्हते.

पूर्ण १८ मीटर मोकळे करून दोन्ही बाजूंना ट्रॅक करायचे, हा पहिला. त्यासाठी शेकडो ओटे-पायऱ्या काढाव्या लागल्या असत्या आणि डांबर रुंद करताना कडुनिंबांची रांगही गेली असती. झाडं तोडायची तर १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, हरकती, सुनावणी. त्याहून मोठा प्रश्न केळीची लोटगाडी लावणाऱ्या एका बाईने रस्त्यावर उभ्या उभ्या विचारला: “झाडं तोडशात ते आठे कोन चाली, भाऊ?” (झाडं तोडलीत तर इथे कोण चालेल?) तांत्रिक अहवालात हा मुद्दा इतक्या थोडक्यात कोणी मांडला नव्हता.

डांबरावरच पांढरे पट्टे मारून सायकल मार्गिका दाखवायची, हा दुसरा. खर्च नगण्य, उद्घाटन आठवड्यात. आणि पुढच्या आठवड्यात त्या पट्ट्यांच्या आत व्यवस्थित लावलेल्या चारचाकी. यावर फार वेळ गेला नाही, जायलाही नको होता.

खरी लढत उरलेल्या दोघांत झाली.

पूर्वेची, म्हणजे पाटचारीची बाजू. फायदे उघड होते. फाटकं नाहीत, दुकानं नाहीत, कोणाचा ओटा काढायचा नाही, तीन मीटरची सलग वाट सहज बसते. तोटे दोन: जमीन दुसऱ्या खात्याची, आणि सावली शून्य.

पश्चिमेची, म्हणजे कडुनिंबाची बाजू. इथे घर-घरटी फाटक, प्रत्येक फाटकापुढे एक मालक आणि प्रत्येक मालकाची एक तक्रार. पण सावलीचं गणित पाहा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, तेव्हा झाडांची सावली कंपाउंडकडे म्हणजे वाटेवर पडते. दुपारी डेऱ्याखाली सावली असते. ऊन कललं की पश्चिमेच्या दुमजली घरांची सावली पूर्वेकडे सरकत वाटेवर येते. झाडं आणि घरं यांच्या मधला तो साडेतीन मीटरचा पट्टा दिवसभर सावलीत राहतो. पूर्वेच्या भरावावर झाडांची सावली पोहोचते ती ऊन अगदी कलल्यावर.

क्लबचा कल पूर्वेकडे होता, ज्येष्ठांचा पश्चिमेकडे. संघाच्या एका आप्पांनी अभियंत्याला सांगितलं, “साहेब, तिकडे वाट करा, आमची ना नाही. फक्त चैतात एकदा भर दुपारी तुम्ही स्वतः चालून बघा.” अभियंता चालून आला. त्यानंतर त्याने पूर्वेचा आग्रह सोडला.

काय ठरलं

शेवटचा आराखडा मिश्र होता. पश्चिमेला कंपाउंड आणि झाडं यांच्या मधून तीन मीटरची सलग वाट, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सावकाश सायकल चालवणाऱ्या मुलांसाठी. झाडांच्या ओळीतला दीड मीटरचा पट्टा आळी, खांब आणि दुचाकी यांसाठी. मग ६ मीटर डांबर. पूर्वेला गटार झाकून तिच्या कडेने १.८ मीटरचा साधा पदपथ. वेगाने जाणारी सायकल डांबरावरच राहील आणि तिच्यासाठी गाड्यांचा वेग कमी केला जाईल: दोन्ही शाळांपुढे आणि तीन चौकांत रस्ताच पदपथाच्या पातळीला उचलायचा, म्हणजे चालणाऱ्याने उतरायचं नाही, गाडीने चढायचं.

हेच तत्त्व फाटकांनाही लावलं. यावर सर्वांत जास्त वाद झाला आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. आपल्याकडे पदपथ प्रत्येक फाटकापाशी खाली उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. तरण्या माणसाला ते जाणवत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला, बाबागाडीला, चाकाच्या खुर्चीला दर पंधरा मीटरवर एक चढ-उतार म्हणजे वाट नसल्यासारखंच. म्हणून ती डांबराकडे वळते. इथे वाट सपाट ठेवायची आणि गाडीने झाडांच्या पट्ट्यातल्या छोट्या उतारावरून चढून, वाट ओलांडून आत जायचं, असं ठरलं. उंचीही बेताची ठेवली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) पदपथाची उंची १५० मिलिमीटरच्या आत आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. शहरातले जुने पदपथ फूटभर उंच होते. त्यांच्यावर माणसं चढतच नसत, बसत तेवढी.

घरमालकांचा विरोध ‘गाडी घासेल’ असा होता. समजावण्यापेक्षा करून दाखवणं सोपं गेलं. एका फाटकापुढे मुरूम, फळ्या आणि वाळूच्या पोत्यांनी तो उतार उभा केला आणि ज्याला शंका होती त्याला आपली गाडी घेऊन यायला सांगितलं.

तशीच चाचणी पूर्ण रस्त्याची झाली. फक्कीने रेषा आखल्या, प्लास्टिकचे शंकू ठेवले आणि पंधरवडाभर डांबर ६ मीटरवर आणलं. आधी साडेपाच मीटर ठरवलं होतं. पण दिवाळीनंतरचा हंगाम होता आणि जिनिंगकडे जाणारे कपाशीचे ट्रॅक्टर इथून जात. फुगीर भरलेली ट्रॉली आणि समोरून शाळेची बस, असा प्रसंग पहिल्याच सकाळी आला. अर्धा मीटर वाढवला. चाचणी दुसऱ्या कुठल्या महिन्यात झाली असती तर हे कळलंच नसतं.

लोटगाड्यांचा प्रश्न पोलीस बंदोबस्ताने सोडवावा अशी सूचना आली होती. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने ती वाट बंद आहे: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. सर्वेक्षण झालेलं होतं. समितीतल्या विक्रेत्यांनीच सुचवलं की बँकेच्या अलीकडे झाडांचा पट्टा थोडा रुंद करून गाड्यांना तिथे जागा द्या. विक्रेता सावलीत, गिऱ्हाईक वाटेवर, दोघंही डांबराबाहेर.

काम

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, या क्रमाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. एक अडथळा मात्र नोंदवायला हवा. रस्ता उचलून केलेला चौक दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीत, तयार बाब म्हणून नव्हता. अशा वेळी दर विश्लेषण जोडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि तो खटाटोप टाळण्यासाठी अंदाजपत्रकातून बाबच गाळली जाते. इथेही पहिल्या मसुद्यात ती गळली होती, तिच्या जागी साधे गतिरोधक आले होते. पालकांपैकी एक निवृत्त उपअभियंता होते. त्यांनी मसुदा मागून वाचला आणि बाब परत घालायला लावली.

मातीसाठी काळा थर काढून मुरूम भरायचा, दाबायचा, वर खडीचा थर आणि मग ब्लॉक, असं ठरलं. झाडांभोवती मीटरभर जागा उघडी ठेवली. जिथे मूळ वर आलं होतं तिथे वाट वळवली. एकही कडुनिंब तोडला नाही.

खांबांनी मात्र काम अडवलं. वाटेच्या बरोबर मध्ये येणारे विजेचे खांब आणि एक डीपी हलवायचा तर वीज कंपनीचं वेगळं अंदाजपत्रक लागतं, पैसे आधी भरावे लागतात आणि वेळापत्रक त्यांचं असतं. हा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता. ठेकेदार थांबायला तयार नव्हता. मग काही खांब जागेवर ठेवून दोन्ही बाजूंनी ब्लॉक बसवले गेले.

निष्पत्ती

दक्षिणेकडच्या शाळेपासून महाविद्यालयापर्यंतचा तुकडा पूर्ण झाला. सकाळ-संध्याकाळ वाट भरलेली असते. शाळा सुटल्यावर मुलं दोन-दोन, तीन-तीनच्या ओळीने बोलत चालतात. पूर्वी ती एकामागे एक चालत. उचललेल्या चौकांत गाड्यांचा वेग खरंच उतरतो. कामगारांच्या सायकली डांबरावरच आहेत. वाटेवर सायकली दिसत नाहीत असं म्हणणाऱ्या क्लबच्या लोकांना ते पटत नाही, पण ट्रॅकवर किती सायकली आहेत यापेक्षा रस्त्यावर किती सायकली निर्धास्त आहेत हे मोजायला हवं.

दोष आहेत. दुचाक्या वाटेवर शिरतात, विशेषतः क्लास सुटताना. तोंडाशी खांब रोवले आहेत, पण चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकलही जाते. याला लोखंडाचा उपाय नाही, माणूस उभा करावा लागतो. तो पहिले काही आठवडे होता, मग दुसरीकडे गेला. बँकेसमोर चारचाकी पुन्हा दिसू लागल्या आहेत. मंगल कार्यालयाच्या मुहूर्तांना तर वाट असून नसल्यासारखी, कारण आराखड्यात वरात, घोडा आणि बँडची गाडी यांचा विचार कुठेच नव्हता. एका तुकड्यात ब्लॉक पहिल्याच पावसात खचले. तिथे खोदून पाहिलं तेव्हा मुरमाचा थर ठरल्यापेक्षा पातळ निघाला. ठेकेदाराने दोषदायित्व काळात, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, दुरुस्ती करून दिली.

महामार्गाचा चौक, जिथे मुलींना सर्वांत जास्त भीती वाटत होती, तसाच आहे. तो महापालिकेच्या हातात नाही. वाट चौकाच्या अलीकडे शंभरेक मीटरवर संपते.

वेगळं काय करता आलं असतं

काम उत्तरेकडून सुरू झालं, कारण तिकडे जागा मोकळी होती आणि काम दिसणार होतं. सुरुवात महामार्गाच्या चौकापासून व्हायला हवी होती. निदान त्याचा पत्रव्यवहार आराखड्याच्या पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवा होता. दुसऱ्या यंत्रणेचं उत्तर यायला जो वेळ लागतो तो आपल्या कामाच्या वेळात जिरला असता.

खांबांचंही तेच. आधी खांब, मग गटार, मग माती, मग ब्लॉक. हा क्रम सगळ्यांना माहीत असतो. अंदाजपत्रक मात्र वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतं आणि क्रम उलटा पडतो.

मंगल कार्यालयाच्या मालकांना फक्त बैठकीच्या जागेसाठी विचारलं गेलं, वाटेबद्दल नाही. लग्नतिथींची यादी पंचांगात वर्षभर आधीच असते. त्या दिवसांसाठी पाटचारीच्या बाजूला गाड्या लावायची सोय आखता आली असती, आणि पाटबंधारे खात्याकडेही कायमच्या वाटेपेक्षा एवढी तात्पुरती परवानगी मागणं सोपं गेलं असतं.

पाटचारीची बाजू कायमची सोडावी का, यावर माझं मत अभियंत्यापेक्षा वेगळं आहे. भरावाच्या कडेने आज करंज आणि कडुनिंब लावले तर आठ-दहा वर्षांत तिकडेही सावली येईल, आणि क्लबला हवा तो सरळ मार्ग तेव्हा दिव्यांसकट करता येईल. झाडं लावायला खात्याची हरकत नसावी. पाणी घालायची जबाबदारी कोणाची, यावर संघ आणि क्लब यांच्यात अजून एकमत नाही. संघाचं म्हणणं, ज्यांना ट्रॅक हवा त्यांनी टँकर आणावा.

दुसऱ्या टप्प्याचं अंदाजपत्रक तयार होत आहे. त्यात खांब हलवण्याची रक्कम पहिल्या पानावर आहे आणि मुरमाच्या थराची जाडी ब्लॉक बसवण्याआधी महापालिका आणि शाळा यांनी मिळून मोजायची अशी अट घातली आहे. ती अट निविदेत टिकते का, हे अजून ठरायचं आहे.